वाचता न आलेली ओळ

दादा,

तुला जाऊन महिना होत आला. मी अजून रडलेले नाही. लोकांना वाटतं मी खंबीर आहे, पण तसं काही नाही. सकाळी उठते, डबा भरते, काळा कोट हातावर टाकून कोर्टात जाते, पक्षकारांशी बोलते, पुढच्या तारखा घेते. संध्याकाळी घरी आले की चप्पल न काढता तशीच खुर्चीत बसून राहते. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसं झालंय. हात लावला की गाल तिथं आहे एवढं समजतं, बाकी काही नाही.

भेटायला येणारे सगळे एकच म्हणतात, किडनीच्या आजारानं गेला बिचारा. तुझ्या कंपनीतली माणसं चाकणहून शिफ्ट संपवून थेट आली होती, अंगावर युनिफॉर्म तसाच. तीही तेच म्हणाली. मी मान हलवली. तुला किडनीचा आजार नव्हता, हे प्रत्येकाला बसवून सांगायचं त्राण माझ्यात नाही. तुला बोटांचा आजार होता. किडन्या त्या बोटांसाठी दिलेल्या औषधानं गेल्या.

सकाळी शर्टाची बटणं लागेनात, तेव्हा तू वहिनीला सांगितलंस. मला नाही. मला कळलं ते ऋतुजाकडून. ताथवड्याच्या कॉलेजातून येताना ती माझ्याकडे उतरली आणि म्हणाली, आत्या, बाबांना कंपनीत मायक्रोमीटर धरता येत नाही, ते दुसऱ्याला माप घ्यायला लावतात. तू क्वालिटीत होतास. सगळी नोकरी माप घेण्यात गेलेली. मी फोन केला तर म्हणालास, "वकीलसाहेब, बोटं सुजलीत, गुन्हा नाही केला." मी ओरडले आणि तू पिंपरीतल्या आपल्या डॉक्टरांकडे गेलास.

आपले डॉक्टर. दुसरा शब्द कधी वापरलाच नाही आपण. आईच्या शेवटच्या आजारात बिल्डिंगची लिफ्ट बंद होती, तेव्हा ते चार मजले चढून आले होते. जाताना चपला घालता घालता आईला म्हणाले, उद्या परत येतो, भांडायला तयार राहा. आई त्या दिवशी हसली. तू त्या एका हसण्यासाठी त्या माणसाचा जन्मभराचा ऋणी होतास. त्यात चूक काही नव्हतं. मीही होते.

त्यांनी रक्त तपासलं, संधिवात आहे म्हणाले, आणि एक नवी गोळी लिहून दिली. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तीच विष होते. हे त्यांनी तोंडानं सांगितलं नाही. बाहेर बाकावर माणसं दाटीवाटीनं बसलेली होती. "कागदावर लिहिलंय तशी घ्या," म्हणाले. आणि कागदावर त्यांनी जे लिहिलं होतं ते दिसायला एवढंच होतं: एक वेलांटीसारखी रेघ, पुढे दोन चढउतार, आणि शेवटी पेन उचलताना निघालेली शेपटी.

तू मोशीला उतरलास आणि सोसायटीखालच्या मेडिकलमध्ये तो कागद दिलास. काउंटरवरच्या माणसानं तो उजेडाकडे धरला. मग शेजारच्याला दाखवला. दोघांचं काहीतरी ठरलं आणि त्यानं गोळ्यांच्या पाकिटावर रोज एक अशी खूण केली. तू विचारलंस, "रोजच ना?" तो म्हणाला, "हो काका, रोज एक, जेवणानंतर." एवढंच झालं. डॉक्टरांचा नंबर कागदाच्या डोक्यावर छापलेला होता. कोणी फोन केला नाही.

तोंडात फोड आले तेव्हा तू गुलकंद खाल्लास. उष्णता म्हणालास. वहिनी दहीभात कालवून द्यायची आणि तू तो न चावता गिळायचास. मग ताप चढला, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, आणि ऋतुजानं तुला रिक्षात घालून चिंचवडच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा एक तरुण डॉक्टर मुलगी तुझ्याजवळ उभी राहून औषधं विचारत होती. ही गोळी कशी घेता, असं तिनं विचारलं. तू शाळेतल्या शहाण्या मुलासारखं उत्तर दिलंस.

"रोज एक. एकदाही चुकवली नाही."

तिनं पेन खाली ठेवलं. मला अजून तिचा चेहरा दिसतो, तुझा नाही.

तू वाचलास. आपण पेढे वाटले नाहीत, पण वाटल्यासारखेच होतो सगळे. रक्तातल्या पेशी हळूहळू परत आल्या. किडन्या आल्या नाहीत. कंपनी सुटली, डायलिसिस सुरू झालं, आणि वार लावून दवाखान्यात जायचं हीच तुझी शिफ्ट झाली. तसं तूच म्हणायचास. ओव्हरटाइम मिळत नाही या शिफ्टला, असंही म्हणायचास, आणि वहिनी उठून आत जायची.

केस करायचं मी म्हटलं तेव्हा तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू मी कोणी परकी आहे. डॉक्टरांवर केस? ज्यांनी आईला बघितलं त्यांच्यावर? मी समजावत होते की केस म्हणजे सूड नव्हे. कोणाचं काय काम होतं आणि ते झालं का, एवढंच कायदा विचारतो. औषधाचं नाव आणि ते कसं घ्यायचं हे वाचता येईल असं लिहिणं डॉक्टरांचं काम. ते वाचता आलं नाही तर अंदाजानं औषध न देता फोन करून विचारणं मेडिकलवाल्याचं काम. दोघांपैकी एकानं जरी आपलं काम केलं असतं, तर तू आज चाकणच्या बसमध्ये असतास. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, मेडिकलवर कर. डॉक्टरांना यात आणू नको.

आपण त्यावर किती भांडलो. तुझ्या बाल्कनीत, डायलिसिसच्या खोलीबाहेर, एकदा तर ऋतुजाच्या वाढदिवसाला केक कापायच्या आधी. तू म्हणायचास, त्यांनी मुद्दाम केलं का? मी म्हणायचे, मुद्दाम केलं असतं तर ग्राहक आयोगाचं नाव नसतं काढलं, पोलिसांत गेले असते. तू म्हणायचास, माणूस थकतो, घाईत असतो. मी म्हणायचे, घाई त्यांची आणि भोग तुझे, हे कोणी ठरवलं? त्यावर तू गप्प व्हायचास. तू गप्प झालास की मी जिंकले असं मला वाटायचं, आणि दुसऱ्या दिवशी तू पुन्हा तिथूनच सुरुवात करायचास.

शेवटी तुला पटवलं ते मी नाही. मी दोघांनाही नोटीस पाठवली होती, निदान उत्तर तरी येऊ दे म्हणून. डॉक्टरांच्या वकिलाकडून उत्तर आलं. त्यात म्हटलं होतं की अक्षर स्वच्छ आहे, आणि रुग्ण सुशिक्षित आहे, कंपनीत बारीकसारीक ड्रॉइंग वाचण्याचं काम करतो, तेव्हा औषध नीट समजून न घेण्याचा निष्काळजीपणा त्याचाच. तू ते दोनदा वाचलंस. चष्मा काढलास. म्हणालास, "सुजा, सही कुठं करायची?"

तू मला सुजा म्हणालास म्हणजे तुला फार लागलं होतं. एरवी मी वकीलसाहेबच. ते नावही तूच दिलेलं, मी वकील व्हायच्या कितीतरी आधी. बारावीनंतर बाबांनी माझ्यासाठी स्थळ आणलं होतं, चांगलं, सरकारी नोकरीवालं. बाबा कारखान्यातून येऊन जेवायला बसले होते आणि तू उभ्यानंच त्यांना म्हणालास की तिला वकील व्हायचंय, तिला शिकू द्या, घाई असेल तर आधी माझं लग्न करा. बाबांना हसू आलं आणि विषय तिथंच मिटला. तुझं लग्न त्यांनी खरंच आधी केलं. त्यातून मला वहिनी मिळाली. याबद्दल मी तुला कधी काही बोलले नाही. आपल्यात तशी पद्धत नव्हती. आता लिहिते आहे तर तेही कोरडंच लिहिलं जातंय.

आयोगात मेडिकलच्या वकिलानं सांगितलं, अक्षर वाचता येत नव्हतं, दोष डॉक्टरांचा. डॉक्टरांच्या वकिलानं सांगितलं, वाचता येत नव्हतं तर विचारायचं होतं, दोष मेडिकलचा. आणि दोघं मिळून सांगत होते की थोडा दोष तुझाही. मेडिकलच्या भिंतीवर ज्या फार्मासिस्टचं प्रमाणपत्र टांगलेलं होतं, तो राजगुरुनगरला राहतो आणि अधूनमधून येतो, हेही बाहेर आलं. काउंटरवर होता तो फार्मासिस्ट नव्हताच. मला वाटलं हे ऐकून तू चिडशील. तू म्हणालास, तो पोरगा तरी काय करणार, त्याला बसवलंय तिथं. मालकाला विचारा. तुझा राग नेहमी वरच्या माणसावर जायचा. फक्त डॉक्टर सोडून.

डॉक्टर स्वतः येणार होते त्या तारखेला तू यायचा हट्ट धरलास. डायलिसिसचा दिवस नव्हता. पुण्यापर्यंत गाडीत तू झोपलास, आणि आयोगात व्हीलचेअरवर ताठ बसलास, इस्त्रीचा शर्ट घालून. डॉक्टर समोर उभे होते. केस पार पांढरे झाले होते त्यांचे. त्यांनी तुझ्याकडे बघितलं नाही. अध्यक्षबाईंनी फाइलमधून तो मूळ कागद काढला आणि शिपायाकरवी त्यांच्या हातात दिला. म्हणाल्या, डॉक्टर, तुम्हीच वाचून दाखवा.

त्यांनी तुझं नाव वाचलं. गोळीचं नाव वाचलं. मग थांबले. कागद जरा लांब धरला, परत जवळ आणला.

"आठवड्यातून एकदा असंच लिहिलं असणार मी," ते म्हणाले.

"असणार की आहे?" बाईंनी विचारलं.

त्यांचे वकील उठून काही बोलायला लागले. डॉक्टरांनी त्यांना हातानं थांबवलं.

"मला वाचता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

माझ्या धंद्यात असा क्षण आला की आतून आनंदाची उकळी फुटते. मला ती फुटली, खोटं कशाला बोलू. पण मी तुझ्याकडे वळले तर तू खाली, स्वतःच्या बोटांकडे बघत होतास. तुला त्यांची लाज वाटत होती. त्यांना वाटायची ती तुला वाटत होती.

बाहेर ते तुझ्याजवळ आले. वकील मागून हाक मारत होते तरी आले. व्हीलचेअरपाशी वाकले. मला वाटलं आता माफी मागतील, पण त्यांच्याआधी तूच बोललास.

"डॉक्टर, हे पहिल्याच दिवशी बोलला असता तर मी इथवर आलोच नसतो."

ते मान हलवून गेले. त्या दिवशी परतताना तू झोपला नाहीस. नाशिक फाटा ओलांडल्यावर म्हणालास, डॉक्टरांचं नाव काढून टाक केसमधून. माणसानं चारचौघांत खरं सांगितलं. आणखी काय हवं? मी म्हटलं, अरे, त्यांनी खरं सांगितलं म्हणूनच तर त्यांची जबाबदारी पक्की झाली. तू म्हणालास, तुमचा कायदा उलटाच चालतो राव, जो खरं बोलला तो अडकला. मी म्हटलं, उद्या दुसऱ्या कोणाच्या कागदावर हेच होईल. तू म्हणालास, आत्ता दमलोय, रविवारी ये, मटण करायला सांगतो, तेव्हा बोलू.

रविवारसाठी मी मुद्दे काढून ठेवले होते. तू काय म्हणशील आणि त्यावर मी काय म्हणेन, सगळं ठरलेलं होतं. शुक्रवारी दुपारी डायलिसिस चालू असताना तुला थंडी वाजली. नर्सनं ब्लँकेट दिलं. रक्तदाब खाली गेला तो वर आलाच नाही. मी पिंपरी कोर्टात होते. फोन सायलेंटवर नव्हता, लगेच उचलला, लगेच निघाले, काही चुकलं नाही माझं. तरीही पोचले तेव्हा तुझ्या अंगावरचं ब्लँकेट नीट घडी घातल्यासारखं सरळ केलेलं होतं.

तुझ्या जलदानविधीला डॉक्टर आले. बुद्धवंदना चालू असताना ते मागे भिंतीशी बसले, पांढऱ्या शर्टात. सगळ्यांना कळलं ते कोण आहेत. कोणी उठवलं नाही, कोणी पुढे बोलावलंही नाही. ऋतुजानं त्यांना पाणी नेऊन दिलं. तिनं ते रागानं दिलं की सहज, मला ओळखता आलं नाही. मी तिला विचारलंही नाही. तुझ्या फोटोला फूल वाहून ते निघून गेले.

त्यानंतरच्या आठवड्यात मी वारसांचा अर्ज टाइप केला. तक्रारदार मेला तर केस मरत नाही, वारसांनी पुढे चालवायची असते. वारस म्हणजे शोभा प्रदीप साळवे आणि ऋतुजा प्रदीप साळवे. तुझ्या नावाआधी मला मयत हा शब्द टाइप करावा लागला. तो मी इतक्या लोकांच्या नावाआधी टाइप केलाय की बोटं आपोआप गेली. हेच मला जास्त खटकलं.

अर्ज घेऊन मोशीला गेले आणि वहिनीला सगळं सांगितलं. गाडीतलं आपलं बोलणंही. तुझी बाजू मी तुझ्यासारखीच मांडली, उलट थोडी जास्तच चांगली मांडली. म्हटलं, दादाची इच्छा डॉक्टरांना सोडायची होती, माझं मत वेगळं आहे, पण आता हक्क तुमचा. तुम्ही म्हणाल तसं करीन. वहिनी मेथी निवडत होती. निवडतच राहिली. तिच्या माहेरची, खेडकडची भाषा एवढ्या वर्षांत मोशीनं घालवली होती. तू गेल्यापासून ती परत आली आहे.

"ताई, ह्यांचं मन मोठं व्हतं," ती म्हणाली. "डॉक्टर खरं बोलले, ते बी मला मान्य हाय. माझा त्यांच्यावर राग न्हाई. पण राग न्हाई म्हणून त्यांचं काम झालं, असं व्हत न्हाई. नाव ऱ्हाऊ द्या. दोघांचं बी."

मग तिनं सही केली, आणि ऋतुजानं.

तर दादा, मी जिंकले. असं म्हणून बघते, पण काही वाटत नाही. तू समोर असतास तर तू गप्प झाला असतास आणि सोमवारी परत सुरू केलं असतंस. ते सोमवारचं सुरू करणं आता नाही.

एक गोष्ट मात्र तुला सांगायची आहे. परवाच्या तारखेला डॉक्टर स्वतः आले होते, वकिलाशिवाय. त्यांनी आयोगासमोर लेखी निवेदन दिलं. कोर्टात आम्ही त्याला पुरशीस म्हणतो. टाइप केलेलं, चारच वाक्यांचं. कागदावरचं अक्षर माझं आहे. ते वाचता येण्यासारखं नव्हतं. रुग्णाचा निष्काळजीपणा होता असं माझ्या वतीनं आधी लिहिलं गेलं, ते मी मागे घेतो. आयोग जो आदेश देईल तो मला मान्य राहील.

तिसरं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तू सही केलीस ती त्याच्यासाठीच. आता ते आयोगाच्या रेकॉर्डवर आहे, शिक्क्यासह. डॉक्टर केसमधून सुटले नाहीत आणि त्यांनी सुटायला मागितलंही नाही. रविवारच्या भांडणात हा मार्ग ना तुझ्या डोक्यात होता ना माझ्या. मेडिकलचा मालक अजून लढतोय. त्याचा वकील म्हणतो, डॉक्टरांनी कबूल केलं म्हणजे आम्ही मोकळे. तसं होत नसतं, आणि ते मी पुढच्या तारखेला मांडणार आहे. आदेश कधी येईल ते सांगता येत नाही.

त्या दिवशी वहिनी आणि ऋतुजा माझ्याबरोबर आल्या होत्या. वहिनी पहिल्यांदाच आयोगात आली. पदर सावरून मागच्या बाकावर बसली होती. आपला वारसांचा अर्ज अजून मंजूर व्हायचा होता, त्यामुळे बोर्डावर जुनीच नोंद होती. शिपाई दारात उभा राहिला आणि त्यानं केसचा नंबर सांगून तुझं नाव पुकारलं. प्रदीप बाबुराव साळवे. मी फाइल घेऊन उठायच्या आत त्यानं दुसऱ्यांदा पुकारलं.

माझ्या मागे वहिनी उभी राहिली होती.

"हजर हाय," ती म्हणाली.